‘सतरा झालं म्हणे!’ : नदीची पातळी आणि नदीचा प्रवाह

जुलै उजाडला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं मागे पडतात आणि एक वेगळाच मेसेज फिरायला लागतो. ‘उल्हास नदी, बदलापूर बॅरेज. इशारा पातळी १६.५०, धोका पातळी १७.५०, सध्याची पातळी १६.८०.’ पाचच मिनिटांत आत्याचा फोन. ती बदलापूर पश्चिमेला तळमजल्यावर राहते, मी ठाण्यात तेराव्या मजल्यावर. त्यामुळे नदीच्या बाबतीत तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी विचारते मलाच.

एकदा म्हणाली, “अरे, सोळा मीटर म्हणजे पाच मजली बिल्डिंग झाली की! आपली नदी एवढी खोल कधी झाली?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. उन्हाळ्यात त्याच नदीत माणसं गुडघाभर पाण्यातून चालताना तिने पाहिली आहेत. मग हे सोळा मीटर आले कुठून?

शून्य कुठे ठेवलंय?

घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये पाहुणे म्हणून गेलात तर अनुभव येतो. फ्लॅट १०१, म्हणजे पहिला मजला. पण लिफ्ट पार्किंगचे चार-पाच मजले मागे टाकते, तेव्हा कुठे हा ‘पहिला’ येतो. आकडा खोटा नसतो, मोजायला सुरुवात कुठून केली एवढाच प्रश्न असतो.

नदीचंही तसंच. काठावर किंवा पुलाच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी असते, तिला गेज म्हणतात. तिचा शून्य नदीच्या तळाला नसतो आणि तो तिथे ठेवून चालतही नाही. तळ दर पावसाळ्यात बदलतो. कधी गाळ बसतो, कधी वाळू खरवडून निघते. तळापासून मोजायला लागलो तर यंदाच्या पाच मीटरची गेल्या वर्षीच्या पाच मीटरशी तुलनाच करता येणार नाही. म्हणून एक कायमची, न हलणारी उंची ठरवतात (बऱ्याच ठिकाणी समुद्रसपाटीशी जोडलेली) आणि सगळं तिथून मोजतात. त्यामुळे बॅरेजजवळ, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्यापाशी, भर मे महिन्यातही गेजचा आकडा शून्यावर येत नाही.

धरणांचे आकडे असेच वाचायचे. बारवी ७२.६० मीटरला भरतं, मोरबे ८८ मीटरला, भातसा १४२.०७ मीटरला. भातशात १४२ मीटर खोल पाणी आहे असा याचा अर्थ नाही, तिथल्या पाण्याचा पृष्ठभाग त्या उंचीवर आहे. आणि कोल्हापूरच्या पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आपल्या उल्हासची साडेसतरा मीटर, म्हणजे आपली नदी मोठी, असा हिशेब कुणी मांडला तर त्याला घोडबंदरच्या लिफ्टमध्ये न्यावं.

म्हणून आत्याला मी सांगितलं, “सोळा विसर. साडेसतराला किती कमी आहे तेवढंच बघ. आणि मागच्या तासाला किती होतं ते.”

जिन्यावरची गर्दी

इथवर पातळी झाली. बातम्यांत दुसरा शब्द येतो, ‘विसर्ग’. ‘धरणातून दहा हजार क्युसेक विसर्ग सुरू.’ हे दोन्ही आकडे लोक एकच समजतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

संध्याकाळी ठाणे स्टेशनचा जिना आठवा. जिन्यावर माणसं किती दाटली आहेत हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. ती झाली पातळी. पण मिनिटाला किती माणसं खाली उतरतात हे कळायला जिना किती रुंद आहे आणि माणसं किती वेगाने सरकताहेत, हेही लागतं. तो झाला विसर्ग. जिना खच्चून भरलेला आणि तरी कुणीच हलत नाही, हा प्रसंग ठाणेकराला समजावून सांगायला नको.

नदीतला विसर्ग म्हणजे एका सेकंदात एखाद्या जागेवरून पुढे जाणारं पाणी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर, दोन बादल्या समजा. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, १००० लिटर. एका क्युमेकमध्ये ३५ क्युसेक बसतात. सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणला तर ‘दहा हजार क्युसेक’ म्हणजे दर सेकंदाला असे २८ टँकर. बातमी वाचताना हा हिशेब एकदा मनात केला की त्या आकड्याचं वजन कळतं.

हे मोजायचं कसं, ते भाच्याला दाखवायला ऑक्टोबरात आम्ही वांगणीच्या पुढे एका ओढ्यावर गेलो होतो. साहित्य म्हणजे टेप, मोबाइल आणि एक नारळ. नारळ अशासाठी की तो निम्म्याहून जास्त पाण्यात बुडून वाहतो. थर्माकोलसारखा वाऱ्याने भरकटत नाही. काठावर दहा मीटर अंतर आखलं, वर नारळ सोडला, खाली भाचा घड्याळ लावून उभा. वीस सेकंद लागले. पाचदा केलं. एकदा नारळ दगडात अडकला, ती खेप सोडून दिली. म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. पण हा वेग वरच्या पाण्याचा. तळाशी आणि काठाशी दगडमातीला घासून पाणी हळू चालतं, म्हणून ०.८५ ने गुणायचं. ओढा सहा मीटर रुंद, ठिकठिकाणी काठी बुडवून सरासरी खोली निघाली ४० सेंटिमीटर. सहा गुणिले ०.४ गुणिले ०.४२५, उत्तर साधारण एक क्युमेक.

“म्हणजे दहा सेकंदांत एक टँकर?” भाच्याने विचारलं. हो. ज्या ओढ्यात आमचे पायसुद्धा पुरते भिजले नव्हते त्यातून दहा सेकंदांत एक टँकर जात होता. परतीच्या वाटेवर नारळ फोडून खाल्ला.

रोज नारळ कोण सोडणार?

खरं काम अर्थातच नारळावर चालत नाही. सरिता मापन केंद्रांवर, म्हणजे नदी मोजण्याच्या ठरलेल्या जागी, करंट मीटर नावाचं यंत्र वापरतात. छोट्या शंकूसारख्या वाट्यांचं चक्र, खाली माशाच्या आकाराचं जड वजन, आणि ते सगळं पुलावरून किंवा तारेवरून पाण्यात सोडायचं. चक्र फिरलं की टिक-टिक होते, ती ठरावीक वेळ मोजायची. नदीच्या रुंदीचे उभे पट्टे पाडायचे आणि प्रत्येक पट्ट्यात पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांश खाली वेग घ्यायचा. तिथला वेग त्या पट्ट्याच्या सरासरीच्या जवळ असतो. मग सगळ्या पट्ट्यांची बेरीज. आता काही ठिकाणी हेच काम ध्वनिलहरी सोडणारं यंत्र करतं. पाण्याबरोबर वाहणाऱ्या गाळाच्या कणांवरून आवाज परत येताना त्याची पट्टी बदलते, जशी फास्ट लोकलच्या भोंग्याची फलाटावरून निघून जाताना बदलते. त्या फरकावरून वेग निघतो.

पण हे दर तासाला करणं शक्य नाही. पातळी मात्र दर तासाला काय, दर मिनिटाला वाचता येते. म्हणून युक्ती अशी की वर्षभरात वेगवेगळ्या पातळ्यांना विसर्ग प्रत्यक्ष मोजायचा आणि त्या जोड्या आलेखावर मांडून एक वक्ररेषा काढायची. तिला रेटिंग कर्व्ह म्हणतात. ती एकदा हाती आली की नुसती पातळी वाचायची आणि विसर्ग रेषेवरून काढायचा. तुम्ही बातमीत वाचता तो नदीचा विसर्ग बहुतेक वेळा असा काढलेला असतो, त्या क्षणी मोजलेला नसतो.

ही रेषा सरळ नसते. रुंद पात्रात पाण्याची खोली दुप्पट झाली तर विसर्ग ढोबळमानाने तिप्पट होतो, कारण पाणी वाढतं तसा वेगही वाढतो. म्हणून ‘आता अर्धाच मीटर वाढलंय’ यात सुरुवातीचा अर्धा मीटर आणि शेवटचा अर्धा मीटर सारखे नसतात. पाणी काठाबाहेर पडलं की आणखी वेगळी तऱ्हा. तेवढंच पाणी कळशीत ओतलं तर पटकन वर चढतं, परातीत ओतलं तर पसरतं. काठाच्या आत नदी कळशी असते, काठाबाहेर परात. गेजवरचा आकडा रेंगाळायला लागतो आणि लोकांना वाटतं, चला, थांबलं. त्याच वेळी ते शेजारच्या वाडीत शिरत असतं.

या सगळ्यात सर्वांत कच्चा दुवा कुठे आहे? महापूर. ज्या पातळ्यांची आपल्याला खरी भीती, नेमक्या त्याच पातळ्यांना मोजमाप करणं सर्वांत अवघड. रात्रीची वेळ, पुलाला घासणारे ओंडके, यंत्र वाहून जाण्याची धास्ती. त्यामुळे रेषेचं वरचं टोक बहुतेक नद्यांवर मोजण्यांपेक्षा अंदाजानेच पुढे ओढलेलं असतं. शिवाय रेषा शिळीही होते. वाळू उपसली, भराव टाकला, नवा पूल बांधला, जलपर्णी माजली, की त्याच पातळीचा विसर्ग बदलतो. मोजपट्टी तीच, नदी दुसरी.

पट्टी वाचणारा माणूस

मोजायच्या साधनांबद्दल फार लांबण लावत नाही. पुलाखाली टांगलेला रडार पाण्याला न शिवता, लहर जाऊन परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो आणि आकडा मोबाइल नेटवर्कवरून पाठवतो. काही ठिकाणी काठावर विहिरीसारखी टाकी नळीने नदीला जोडलेली असते. आत लाटा शिरत नाहीत, पाणी शांत राहतं आणि त्यावर तरंगणाऱ्या गोळ्याच्या हालचालीवरून पातळी नोंदली जाते.

आणि सगळ्यात जुनं साधन म्हणजे माणूस. पावसाळ्यात तासातासाला छत्री सावरत जाऊन बॅटरीच्या उजेडात पट्टी वाचणारा. पाणी उसळत असतं, पट्टीवर एका क्षणी वीस सेंटिमीटर वर, दुसऱ्या क्षणी खाली. लाटेचा माथा आणि तळ बघून मधला आकडा घ्यायचा आणि वहीत लिहायचा. मला विचाराल तर रडार लागला म्हणून हा माणूस काढू नये. वीज पडून सेन्सर बंद पडला, किंवा पुलाला अडकलेला जलपर्णीचा ढीग त्याने पाणी म्हणून मोजला, तर ओळखणार कोण?

“धोका पातळी ओलांडली नव्हती, तरी आमच्याकडे पाणी कसं?”

हा कळवा-कल्याणकडचा नेहमीचा राग. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली : घरात शिरलेलं पाणी नदीचं असेलच असं नाही. तुमच्या वस्तीवर पडलेला पाऊस नाल्यातून नदीत किंवा खाडीत जायचा असतो. नाल्याचं तोंडच बुडालेलं असलं की तो जागीच साचतो. नदी इशारा पातळीच्या खाली असूनही हे होतं. त्या गेजला तुमच्या गल्लीची काहीच खबर नसते.

दुसरी गोष्ट भरतीची. उल्हास कल्याणच्या खाली खाडीत मिसळते आणि समुद्राची भरती तिथवर पोहोचते. भरतीत खालचं पाणी वर येतं आणि वरून आलेल्या पाण्याला पुढे जागा मिळत नाही. पुन्हा तोच ठाणे स्टेशनचा जिना. खाली फलाटच भरलाय, जिना तुडुंब, पण माणसं हलत नाहीत. म्हणजे पातळी उंच, विसर्ग कमी. सहा तासांनी ओहोटीला त्याच पातळीला प्रचंड पाणी खाली धावत असतं. इथे रेटिंग कर्व्ह कामाची नाही, कारण एका पातळीला एक विसर्ग हे नातंच तुटलेलं असतं. म्हणून बदलापूरचा आकडा बघून खाडीकाठच्या साकेत किंवा काशेळीला काय होईल ते सांगता येत नाही. तिथे नदीबरोबर भरतीचं वेळापत्रकही हाताशी लागतं, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तर आधी तेच.

“बारवीचं पाणी सोडलं, म्हणून बदलापूर बुडालं!”

दरवर्षी हा मेसेज येतो. फॉरवर्ड करणाऱ्याने एकदा नकाशा बघावा. बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूर शहराच्या खालच्या अंगाला. भातसा त्याहून खाली, आधी काळूत, मग उल्हासमध्ये. त्यांचा विसर्ग वाढला की काळजी रायते, टिटवाळा, कल्याणकडच्या लोकांनी करायची. बदलापूरला येणारं पाणी खंडाळ्याचा घाट, राजमाचीचा परिसर, माथेरानच्या पूर्वेचे उतार इथून कर्जत-नेरळमार्गे येतं. म्हणून बदलापूरकरांनी कर्जतचा पाऊस बघावा. तिथे रात्रभर कोसळला की काही तासांत तो दारात असतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं, ते पाणी या उल्हासचं होतं.

वरच्या गेजचा खरा उपयोग हाच. खालच्या गेजवर आकडा वाढेपर्यंत वेळ संपत आलेली असते. वरचा आकडा आणि वरचा पाऊस मिळाला तर सामान माळ्यावर टाकायला दोन-तीन तास मिळतात. फ्रिज उचलायला माणसं गोळा करायची तर तेवढे लागतातच.

“सॅटेलाइट आहेत की! पुलावर पट्ट्या कशाला?”

आहेत. नासा आणि फ्रान्सच्या अवकाश संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये स्वॉट नावाचा उपग्रह सोडला. नद्यांची पातळी मोजणं हे त्याचं एक मुख्य काम आहे आणि ढगांमुळे ते अडत नाही. पण त्याच्या फेऱ्यांचं चक्र २१ दिवसांचं, आणि भर साधारण १०० मीटर किंवा त्याहून रुंद नद्यांवर. आपल्या सह्याद्रीच्या नद्या सकाळी चढतात आणि दुसऱ्या दिवशी उतरतात. मोठ्या खंडांचा हिशेब ठेवायला उपग्रह उत्तम, पण आत्याचा फ्रिज वाचवायला पुलावरची पट्टीच लागते.

मे महिन्यातली नदी

पुराच्या गडबडीत एक गोष्ट बाजूला पडते. नदी मोजायची ती फक्त जुलैत नाही. शहाडला उल्हासमधून ‘स्टेम’ ही पाणीपुरवठा कंपनी जे पाणी उचलते ते ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला जातं. एमआयडीसी, जीवन प्राधिकरण, कल्याण-डोंबिवली, सगळ्यांचे पंप याच नदीवर. उन्हाळ्यात तिच्यात जे वाहतं त्यात बारवीतून सोडलेलं पाणी असतं आणि भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रात वीज करून झालेलंही. हे दुसरं घाटापलीकडच्या आंध्रा तलावातलं, म्हणजे एरवी भीमेकडे गेलं असतं ते. वरून किती सोडलं, वाटेत कुणी किती उचललं आणि शेवटच्या पंपापर्यंत किती पोहोचलं, हे मोजलं नाही तर कपात कुणाच्या वाट्याला किती यावी हे कशाच्या आधारावर ठरवणार?

“शंभर वर्षांतून एकदा” म्हणजे?

शेवटी हे सगळे आकडे जाऊन बसतात ते तुमच्या सातबाऱ्यावर नाही तर बिल्डिंगच्या परवानगीत. पूररेषा दोन असतात. निळी रेषा, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फार नुकसान केलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अनेकांनी सुस्कारा सोडला की आता आपल्या हयातीत नको. पुराला कॅलेंडर कळत नाही. त्या शब्दांचा अर्थ एवढाच की दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक. गेल्या वर्षी येऊन गेला तरी यंदा पुन्हा शंभरात एकच. वीस वर्षांचं गृहकर्ज धरा. त्या मुदतीत लाल रेषेचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता १८ टक्के. निळ्या रेषेचा पूर येण्याची ५६ टक्के, म्हणजे छापा-काट्यापेक्षा जास्त.

बिल्डर म्हणतात रेषा जास्त आत घेतली, रहिवासी म्हणतात पुनर्विकास अडला. त्यांची अडचण खरी आहे. पण रेषा चुकीची आहे की नाही हे भांडून ठरत नाही. ती वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून काढतात. नोंदी कमी वर्षांच्या असल्या तर शंभर वर्षांचा अंदाज म्हणजे चार डाव बघून फलंदाजाची अख्खी कारकीर्द सांगण्यासारखं होतं. ज्यांना रेषा बदलून हवी आहे त्यांनी पहिली मागणी जास्त गेजची करायला हवी. ती मी अजून कुठल्या मोर्चात ऐकलेली नाही.

आणि ज्या रात्री गेजच बुडतं किंवा वाहून जातं, तेव्हा? मग अभियंते पूर ओसरल्यावर भिंती शोधत फिरतात. गाळाची रेघ, झाडाला अडकलेला कचरा, कंपाउंडवरचा डाग. त्या खुणांची उंची मोजून, नदीचा उतार आणि पात्राचा छेद घेऊन त्या रात्रीचा विसर्ग मागाहून काढतात. रेटिंग कर्व्हच्या त्या वरच्या टोकाला कधी कधी एवढाच पुरावा असतो.

आत्याच्या स्वयंपाकघरात २०१९ ची रेघ आहे, ओट्याच्या चार बोटं वर. मागच्या दिवाळीला रंगारी आला तेव्हा तिने त्याला सगळी भिंत रंगवायला सांगितली आणि तेवढी वीतभर जागा सोडायला लावली. आता शेजारी पेन्सिलने तारीखही लिहिली आहे.